कॅसिनो उद्योग : करआकारणी आणि सरकारी गुंतवणूक

परवानाधारक कॅसिनोंच्या कमाईतून राज्यसंस्था घेते तो वाटा, आणि या उद्योगात ती स्वतः घालते किंवा परवानाधारकांना घालायला लावते तो पैसा, असे या विषयाचे दोन भाग आहेत. जुगाराच्या अड्ड्यावर अड्डेवाला डावामागे आपला हिस्सा काढतो, त्याला मराठीत नाल म्हणतात. नाल घेणाऱ्याकडूनच सरकार नाल घेते, एवढ्यात कॅसिनो-कराचे स्वरूप सांगून होते.

कल्पना जुनी आहे. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १६३८ मध्ये ‘रिदोत्तो’ हे सरकारी देखरेखीखालचे जुगारघर उघडले आणि १७७४ मध्ये बंद केले. मोनाकोत १८६३ मध्ये फ्रांस्वा ब्लां याला खेळांचा मक्ता मिळाला. त्या उत्पन्नाच्या भरवशावर राजा तिसरा चार्ल्स याने १८६९ मध्ये आपल्या प्रजेवरचे प्रत्यक्ष कर उठवले. हरणारे बहुतेक परदेशी पाहुणे आणि करमाफी स्थानिकांना, हे गणित पुढे अनेक सरकारांना मोहात पाडत आले.

कर कशावर लावायचा, हा दरापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न. बहुतेक ठिकाणी तो ढोबळ खेळ-उत्पन्नावर, म्हणजे लावलेल्या एकूण पैशांतून खेळाडूंना परत दिलेले पैसे वजा जाता उरलेल्या रकमेवर असतो. खेळाडूंच्या बाजूने पाहिले, तर ही रक्कम म्हणजे त्यांची एकूण हार. प्रत्येक पैजेच्या रकमेवर कर लावणे कागदावर सोपे दिसते, पण एकच शून्य असलेल्या रूलेटमध्ये (आकडे लिहिलेल्या फिरत्या चाकावरच्या जुगारात) कॅसिनोची सरासरी कमाई पैजेच्या सुमारे २.७ टक्के असते. तेथे पैजेवर ३ टक्के कर लावला, तर सगळी कमाई देऊनही कॅसिनोला पदरचे घालावे लागेल.

दरांमधली तफावत थक्क करणारी आहे. १९३१ मध्ये जुगार कायदेशीर करणाऱ्या अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात ढोबळ उत्पन्नावरचा सर्वोच्च दर ६.७५ टक्के आहे. २००४ मध्ये स्लॉट यंत्रांना, म्हणजे पैसे टाकून खेळायच्या जुगार-यंत्रांना, परवानगी देणाऱ्या तिथल्याच पेन्सिल्व्हेनिया राज्यात यंत्रांच्या उत्पन्नातले निम्म्याहून अधिक पैसे सरकारजमा होतात. दर कमी असला की हॉटेले, नाट्यगृहे, संमेलन-सभागृहे उभारायला मालकाच्या हाती पैसा उरतो. तो फार चढवला, तर कमी नोकरांत चालणाऱ्या यंत्रांची दालने भरण्याकडे कल जातो. आलिशान इमारती आणि भरघोस कर ही दोन्ही स्वप्ने एकाच वेळी पाहणारे सरकार स्वतःचीच फसगत करून घेते. अपवाद घडतो तो मक्तेदारी किंवा मोजकेच परवाने असतील तेथे.

चीनचा विशेष प्रदेश असलेले मकाव हे त्याचे ठळक उदाहरण. तेथील चार दशकांची मक्तेदारी २००२ मध्ये संपली, पण परवाने मूठभरच राहिले. खेळ-उत्पन्नावर ३५ टक्के कर आणि त्याखेरीज इतर वर्गणी असूनही प्रचंड प्रकल्प उभे राहिले. १ जानेवारी २०२३ पासून सहा कंपन्यांना दहा वर्षांचे नवे परवाने देताना सरकारने त्यांच्याकडून ११८.८ अब्ज पटाका (मकावचे चलन) गुंतवणुकीची हमी घेतली. त्यातले १०८.७ अब्ज जुगाराबाहेरच्या कामांसाठी आणि परदेशी पाहुणे आणण्यासाठी आहेत. या आग्रहामागे २०२०चा अनुभव होता. त्या वर्षी महासाथीत कॅसिनोंचे उत्पन्न २९२.५ अब्जांवरून ६०.४ अब्ज पटाकांवर आले, आणि सरकारी तिजोरी तर मुख्यतः त्याच करावर चालत होती.

गुंतवणूक सक्तीने करवून घेण्याची दुसरी रीत अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याची. तिथल्या अटलांटिक सिटीत १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला. ८ टक्के कर वृद्ध आणि अपंगांच्या योजनांसाठी राखून ठेवलेला होता. पुढे १९८४ मध्ये पुनर्विकासासाठी प्राधिकरण स्थापन झाले. उत्पन्नाचा १.२५ टक्के भाग त्याच्यामार्फत गुंतवा, नाहीतर दुप्पट दराने कर भरा, असा पर्याय कॅसिनोंपुढे ठेवण्यात आला.

सिंगापूरने २०१०च्या सुमारास दोनच प्रकल्पांना जागा दिली आणि कर खेळाडूच्या ऐपतीप्रमाणे वेगळा ठेवला. मोठ्या रकमा लावणाऱ्यांच्या खेळावर तो कमी, कारण असे गिऱ्हाईक दुसऱ्या देशात सहज जाते. नागरिक आणि कायम रहिवाशांना मात्र आत जाण्यासाठीच दिवसाला १०० सिंगापूर डॉलर मोजावे लागत. २०१९ मध्ये ते १५० झाले. हा कर हरण्यावर नाही, दारात पाऊल टाकण्यावर आहे, हे त्याचे वेगळेपण.

काही देशांत सरकारच मालक असते. नेदरलँड्समधली हॉलंड कॅसिनो ही संस्था पूर्णपणे सरकारी मालकीची आहे. फिलिपिन्समध्ये १९७७ मध्ये स्थापन झालेले ‘पॅगकॉर’ महामंडळ कॅसिनो चालवत आले आणि इतरांना परवानेही देत आले. पंचानेच डाव मांडून बसावे, असा हा प्रकार असल्याने या दुहेरी भूमिकेवर टीका होते. सरकारी मालकी म्हणजे हमखास नफा, असेही नाही. स्वीडनचे सरकारी ‘कॅसिनो कॉस्मोपोल’ गिऱ्हाईक ओसरत गेल्याने एकेक करून बंद पडले, आणि स्टॉकहोममधले शेवटचे २०२५ मध्ये मिटले. गिऱ्हाईक बरेचसे ऑनलाइन खेळांकडे वळले होते. त्या परवानाधारक खेळांवरचा कर १ जुलै २०२४ पासून १८ वरून २२ टक्के झाला.