लायसन घेतलं म्हणजे रद्द झालं नाही
साताऱ्यातल्या ट्रक-टेम्पोवाल्यांत कधीपासून फिरतंय, की खंबाटकी घाटात गाडी ठोकली आणि पोलिसांनी लायसन काढून घेतलं की ते गेलंच, आता एजंट गाठा. साफ चूक आहे हे. लायसन घेताना पोलिसांनी पावती द्यायलाच लागते, मोटार वाहन कायदा कलम 206, आणि ती नीट वाचा, कारण साध्या प्रकरणात तिच्यावरच्या तारखेपर्यंत गाडी चालवता येते, पण भरधाव, धोकादायक किंवा दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल लायसन घेतलं असेल तर ते परत मिळेपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. सस्पेंड किंवा रद्द करायचं तर कलम 19, त्यात आरटीओला आधी तुमचं ऐकून घ्यावं लागतं, कारण लेखी नोंदवावं लागतं. म्हणून नोटीस आली की डॅशबोर्डात कोंबू नका, कृपा करून स्वतः जा, जखमीला दवाखान्यात नेलं असेल, पोलिसांना कळवलं असेल तर ते कागदासकट सांगा. तरीही आदेश विरोधात गेला, तर तो हातात पडल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं.