अंगठ्याला कोण सांगणार?

दिवाळीला पुतण्या पुण्याहून आला आणि जाताना त्याचा जुना आयफोन माझ्या हातात ठेवून गेला. जुना म्हणजे त्याच्या लेखी जुना. माझ्या पाच वर्षं घासलेल्या अँड्रॉइडपुढे तो नवरदेवच दिसत होता. चार दिवस मी खुशीत होतो. पाचव्या दिवशी आमच्या बेळगावच्या रविवार पेठेत गूळ घेतला, पैसे द्यायला फोन काढला, चुकून भलतंच पान उघडलं आणि मागं यायला अंगठा आपोआप खाली उजव्या कोपऱ्यात गेला. तिथं काहीच नव्हतं, नुसती काच. मी पुन्हा दाबलं, आणखी जोरात दाबलं, जणू जोर केला की बटण उगवणार होतं. माझ्यामागं तीन गिऱ्हाइकं ताटकळलेली. दुकानदार अर्ध्या कन्नडात, अर्ध्या मराठीत म्हणाला, "आगलिल्ला काय हो सर? रोख द्या की."

रोख दिले. संध्याकाळी एका मोबाइलच्या दुकानात हे गाऱ्हाणं सांगितलं, तर काउंटरवरचा पोरगा हसून म्हणाला, "वयानं असं होतंय काका. हुईल सवय."

सवय होईल हे त्याचं खरं. वयाचं मात्र मला पटलं नाही, आणि शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला पटलं नाही की तो गप्प बसत नाही.

सवय डोक्यात नेमकी कुठं राहते, याचा एक मोठा धागा एका दुर्दैवी माणसामुळे हाती लागला. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या २७ वर्षांच्या तरुणाला फिट्स इतक्या यायच्या की शेवटी डॉक्टरांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला थोडा भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पस नावाचा भागही बराचसा गेला. फिट्स कमी झाल्या, पण नवी आठवण टिकेनाशी झाली. भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की याच्यासाठी नवाच. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक खेळ दिला: कागदावर दुहेरी रेषांचा तारा, त्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायची, पण हाताकडे थेट न बघता आरशात बघून. करून पाहा, हात उलटाच पळतो. मोलेसनचाही पळाला. तीन दिवस त्यानं हे केलं. दर दिवशी तो म्हणायचा की हे मी कधी पाहिलेलंच नाही, आणि दर दिवशी त्याच्या चुका कमी व्हायच्या. डोक्याला काही ठाऊक नव्हतं. हात मात्र शिकला होता.

म्हणजे कोठारं दोन आहेत. 'काय' घडलं ते एका ठिकाणी, 'कसं' करायचं ते दुसऱ्या ठिकाणी. या दुसऱ्या कोठाराचं काम मेंदूच्या तळाशी असलेल्या बेसल गँग्लिया नावाच्या पेशीसमूहांकडे आणि मागच्या बाजूच्या लहान मेंदूकडे असतं, आणि ते शब्दांत बोलत नाही. जुन्या फोनवर 'मागं' जायचं बटण उजवीकडे होतं की डावीकडे, असं मला कुणी विचारलं असतं तर उत्तर देण्यासाठी मी हवेत अंगठा हलवून पाहिला असता. घरात वीज गेल्यावर मेणबत्तीच्या कप्प्याकडे हात जातो, तसाच हा प्रकार. पुतण्यानं अर्धा तास बसवून मला नवा फोन समजावला होता. समजलं पहिल्या कोठाराला. अंगठ्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

आता त्या बटणाचं. अँड्रॉइडमध्ये तुम्ही एकेक पान उघडत जाता तसतशी फोन ती चळत रचून ठेवतो, जेवणावळीतल्या ताटांसारखी. 'मागं' दाबलं की वरचं ताट निघतं, खालचं दिसतं. ॲप कुठलंही असो, बटण एकच आणि जागा ठरलेली. आयफोन २००७ साली आला तेव्हापासून त्याला असं सगळ्यांसाठी एकच 'मागं' कधी नव्हतंच. होतं ते एक गोल होम बटण, थेट घरी नेणारं. २०१७ च्या आयफोन टेनमध्ये तेही गेलं. मागं यायची सोय प्रत्येक ॲप आपापली करतं, बहुधा वर डाव्या कोपऱ्यात एक बाण ठेवून. २०१३ पासून डाव्या कडेवरून आत बोट सरकवलं तरी बहुतेक ठिकाणी मागं जाता येतं. अँड्रॉइडनं २०१९ मध्ये, दहाव्या आवृत्तीत, कडेवरून बोट सरकवायची पद्धत घेतली, पण तिथं डावी-उजवी दोन्ही कडा चालतात. म्हणून बटणांऐवजी बोट सरकवणारी तरुण पोरंसुद्धा आयफोन हाती आला की उजवी कड घासत बसतात. आमच्या शेजारची कॉलेजातली मुलगी परवा तेच करत होती. तिचं वय एकोणीस.

गंमत अशी की पोटात हे दोन फोन तितके परके नाहीत. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा, म्हणजे युनिक्स या जुन्या संगणक-प्रणालीच्या धर्तीवर रचलेला, आणि आयफोनची प्रणाली युनिक्सच्याच एका शाखेतून आलेली. खाली फाइल, मेमरी, प्रोसेसर यांचा संसार पुष्कळसा सारखा. भांडण सगळं ओसरीवर.

आपल्याकडं मराठी-कन्नडाचं नेमकं उलटं आहे. कुळं वेगळी, एक आर्य भाषांच्या घराण्यातली, दुसरी द्राविड, पण ओसरी एकच. अण्णा, अक्का आपण त्यांच्याकडून घेतलं आणि विसरूनही गेलो. खानापूरच्या बसमध्ये कंडक्टर "मुंद होग्री" ओरडला की भाषांतर न करता पाय पुढं सरकतात. आणि इथंच एक खोच आहे, जी फोनच्या बाबतीत फार कामाची. पूर्ण अनोळखी कन्नड शब्द आपल्याला फसवत नाही. तो कळला नाही एवढं कळतं. फसवतो ओळखीचा. 'अवसर' म्हणजे मराठी माणसाला संधी वाटते, कन्नडात ती घाई. 'अनुमान' म्हणजे आपल्याकडं तर्क, त्यांच्याकडं संशय. लहानपणी शाळेत कन्नडचे गुरुजी "अवसर बेड" म्हणाले, तेव्हा मला वाटलं होतं की हे आपल्याला संधी नको म्हणताहेत.

नव्या फोनवर माझा 'अवसर' होता स्पेसबार. जुन्या फोनवर स्पेसबार दाबून धरला की भाषा बदलायची यादी यायची. मी दिवसातून पन्नासदा ते करायचो, कारण घरच्या गटावर मराठी आणि शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांच्या गटावर कन्नड. आयफोनवर स्पेसबार दाबून धरला की सगळी अक्षरं पुसट होतात आणि बोट फिरवाल तसा कर्सर लिहिलेल्या मजकुरात फिरायला लागतो. सोय छान आहे, पण मी भाषा बदलायला जायचो आणि कर्सर मागच्या ओळीत घुसून वाक्याच्या मधोमध कन्नड अक्षरं पडायची. भाषा बदलायला इथं खालचा पृथ्वीगोल दाबावा लागतो. जिथं काहीच नव्हतं त्या कोपऱ्याची सवय आठवड्यात मोडली. स्पेसबारनं मात्र महिनाभर छळलं. एकच खूण आणि दोन अर्थ, ही जोडी सोडवणं मेंदूला सगळ्यात जड जातं. जुनी सवय पुसली जात नाही; ती नव्या सवयीशी दर वेळी झुंजते. मानसशास्त्रात याला जुन्याचा नव्यातला अडथळा म्हणतात.

ही झुंज मोजण्याचा एक सुरेख प्रयोग भाषांवरच झाला आहे. १९९९ मध्ये म्यूटर आणि ऑलपोर्ट या दोघांनी दोन भाषा येणाऱ्या लोकांना पडद्यावर आकडे दाखवले. पाठीमागचा रंग बदलला की दुसऱ्या भाषेत आकडा म्हणायचा. भाषा बदलताना थोडा उशीर होतो हे अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते हे: कच्च्या भाषेकडे जाताना जेवढा जादा वेळ लागला, त्याहून अधिक आपल्या पक्क्या भाषेकडे परतताना लागला. त्यांचं स्पष्टीकरण असं की कच्ची भाषा बोलायची तर पक्कीला नेटानं दाबून ठेवावं लागतं, आणि दाबलेली लगेच उसळून येत नाही. पुढे २००४ मध्ये बार्सिलोनात स्पॅनिश आणि कातालान या दोन्ही भाषांत मुरलेल्यांवर असाच प्रयोग झाला, तेव्हा हा फरक दिसला नाही. जाता-येता सारखाच खर्च. इथल्या शहापूर-वडगावात मागावर बसून एका दमात दोन भाषांत भाव करणारी माणसं ज्यानं पाहिली आहेत, त्याला याचं नवल वाटणार नाही.

सगळंच अडथळा असतं असंही नाही. काही वेळा जुनी सवय नव्याला खांदा देते. कळफलकाच्या बाबतीत मला ती भेट अनपेक्षित मिळाली. संगणकाला अक्षराचा आकार कळत नाही, क्रमांक कळतो. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरी 'क'चा क्रमांक २३२५ आणि कन्नड 'क'चा ३२२१. फरक ८९६. आता 'म' घ्या: २३५० आणि ३२४६. फरक ८९६. 'ळ' घ्या, ज्यावरून आपण हिंदीवाल्यांसमोर छाती फुगवतो आणि जो कन्नडातही आहे: २३५५ आणि ३२५१. पुन्हा ८९६. योगायोग नव्हे. भारतीय लिप्या ब्राह्मीच्या लेकी, त्यांची वर्णमाला एका साच्याची, हे ओळखून आपल्याकडं इस्की नावाची संकेतप्रणाली तयार झाली होती. तिची १९८८ ची मांडणी युनिकोडनं उचलली आणि प्रत्येक लिपीला तसाच एक वाडा बांधून दिला. खोल्यांचा क्रम तोच, फक्त गल्ली वेगळी. इनस्क्रिप्ट कळफलकही याच विचाराचा: ज्या कळीवर मराठी 'क', त्याच कळीवर कन्नड 'क'. मी नोकरीत असताना संगणकावर इनस्क्रिप्ट शिकलो होतो. आयफोनवर कन्नडचा तसा कळफलक लावला आणि बोटं न विचारता बरोबर जागी पडली. कन्नड वाचताना मी अजून अडखळतो. लिहिताना बोटं माझ्यापुढं पळतात.

बाकीच्या अडचणी सवयीच्या नसून व्यवस्थेच्या होत्या, त्या पटकन सांगतो. पैसे पाठवायचं ॲप नव्या फोनवर पुन्हा नोंदवावं लागतं, कारण यूपीआयचं खातं सिमकार्ड आणि फोन या जोडीला बांधलेलं असतं आणि ती गाठ एक एसएमएस पाठवून मारली जाते. अँड्रॉइडवर परवानगी घेतली की ॲप तो एसएमएस स्वतः पाठवतं. आयफोन कुठल्याच ॲपला परस्पर एसएमएस पाठवू देत नाही, म्हणून मजकूर तयार समोर येतो आणि 'पाठवा' तुम्हाला दाबावं लागतं. मी ते फसवणुकीचं समजून दोनदा रद्द केलं. व्हॉट्सॲपच्या जुन्या गप्पांचं तर नाव काढू नका. अँड्रॉइडवरची त्यांची प्रत गूगलच्या खात्यात राहते, आयफोनची ॲपलच्या. एकाची दुसऱ्याला वाचता येत नाही. २०२२ पासून थेट फोनवरून फोनवर नेता येतात, पण नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच. दुकानातल्या पोरानं "नंतर करू की" म्हटलं होतं. नंतर म्हणजे फोन सगळा पुसून पुन्हा पहिल्यापासून. वहिनींनी मांडे कसे उचलायचे ते आवाजात सांगितलेलं सगळं जुन्याच फोनवर राहिलं.

तर वयाचा मुद्दा. त्याचा वाटा शून्य आहे असं मी म्हणणार नाही. नवं कौशल्य पक्कं व्हायला उतारवयात वेळ अधिक लागतो, हे खरंच. पण माझी चूक न शिकण्यामुळे झालेली नव्हती. आधीचं फार चांगलं शिकल्यामुळे झाली होती. शिवाय चुकांचा काळही पाहण्यासारखा आहे. ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता अख्ख्या स्वीडननं रस्त्याची बाजू बदलली, डावीकडून उजवीकडे. गोंधळ होईल, माणसं मरतील, अशी भीती होती. झालं उलटं: सुरुवातीला अपघात कमी झाले, कारण जो तो जीव मुठीत धरून गाडी चालवत होता. लक्ष सैल झालं तसे ते पुन्हा पूर्वीच्या पातळीवर गेले. माझ्याही सगळ्यात वाईट चुका पहिल्या दिवशीच्या नाहीत. पहिले चार दिवस मी प्रत्येक पानाकडे डोळे वटारून बघत होतो. पाचव्या दिवशी रविवार पेठेत डोळे गुळाच्या ढेपेवर होते, आणि नजर हटली की सूत्रं अंगठ्याकडे जातात.

जुना फोन आता वहिनींकडं आहे. परवा मांड्यांचा तो निरोप ऐकायला मी तो मागून घेतला. दोन महिन्यांनी हातात आला, तरी अंगठा क्षणात उजव्या कोपऱ्यात जाऊन बसला, जसा कधी हललाच नव्हता. निरोप दोनदा ऐकला, फोन परत दिला, खिशातला आयफोन काढला आणि खालचा कोपरा दाबत राहिलो.

"काय शोधूलास?" वहिनी म्हणाल्या.