एक मावशी, एकच ठिकाण : वृद्धनिवासातल्या संसर्गाबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

वृद्धांची देखभाल करणारी माणसं (मावशी, मामा) पुरवणाऱ्या आमच्या ब्युरोच्या दरात या महिन्यापासून थोडी वाढ झाली आहे. शिवाय एकच मावशी किंवा मामा दिवसपाळीला एका ठिकाणी आणि रात्रपाळीला दुसऱ्या ठिकाणी पाठवणं आम्ही पूर्ण बंद केलं आहे. दोन्ही गोष्टींबद्दल बरेच फोन आले, काही नाराजीचेही होते. दोन्हींमागचं कारण एकच आहे, वृद्धनिवासातला संसर्ग. फोनवर घाईत सांगून हा विषय संपत नाही, म्हणून हे पत्रक. पुणे आणि पिंपरी-चिंचवड भागातली जी वृद्धनिवासं आमच्याकडून माणसं घेतात त्यांच्यासाठी, आणि ज्यांचे आई-वडील तिथे राहतात त्यांच्यासाठीही.

विषाणू आत येतो कुठून?

वृद्धनिवासातले आजी-आजोबा मंडईत जात नाहीत, पीएमपीच्या बसमध्ये चढत नाहीत, लग्नकार्यालाही क्वचित जातात. तरीही पावसाळ्यात एकाच आठवड्यात आठ-दहा जण खोकू लागतात. म्हणजे कुणीतरी तो खोकला बाहेरून आणलेला असतो, आणि आणणारा माणूस बहुतेकदा स्वतः चांगला हिंडता-फिरता असतो. आमची मावशी, तुमचा स्वयंपाकी, फिजिओथेरपिस्ट, सुनेबरोबर आलेला शाळकरी नातू, वाढदिवसाचं जेवण द्यायला आलेला दात्यांचा गट, यांपैकी कुणीही.

याचं सर्वांत नीट तपासलं गेलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. वॉशिंग्टन राज्यात किर्कलंड नावाचं गाव आहे. तिथल्या एका नर्सिंग होममध्ये फेब्रुवारी २०२०च्या अखेरीस करोनाचा पहिला रुग्ण लक्षात आला. १८ मार्चपर्यंत तिथल्या साथीशी जोडलेले १६७ रुग्ण सापडले होते : १०१ रहिवासी, ५० कर्मचारी आणि १६ भेटायला आलेले लोक. रहिवाशांपैकी साधारण एक-तृतीयांश तोवर दगावले होते. कर्मचाऱ्यांपैकी एकही नाही. विषाणू वाहून नेणारे वेगळे आणि त्याची किंमत मोजणारे वेगळे, हे या आकड्यांत उघड दिसतं. त्याच तारखेपर्यंत त्या एका काउंटीतल्या (म्हणजे जिल्ह्यातल्या) ३० वृद्धनिवासांत किमान एकेक रुग्ण सापडला होता. तपास करणाऱ्यांनी जी कारणं नोंदवली त्यांत दोन आमच्या धंद्याची आहेत : लक्षणं असतानाही कर्मचारी कामावर येत होते, आणि काही जण एकापेक्षा जास्त ठिकाणी काम करत होते.

तसं ते का करत होते हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. खाडा झाला की पैसे कापले जातात. एका ठिकाणच्या पगारात भागत नाही म्हणून दुसरी ड्युटी धरली जाते. अंगात ताप असलेली बाई क्रोसिन घेऊन कामावर येते ती निष्काळजी असते म्हणून नाही. घरभाडं पाच तारखेलाच द्यायचं असतं.

इंग्लंडमध्ये २०२०च्या उन्हाळ्यात हजारो केअर होमच्या व्यवस्थापकांकडून माहिती गोळा केली गेली. जिथे कर्मचाऱ्यांना आजारपणाचा पगार मिळत होता तिथे रहिवाशांमधला संसर्ग कमी होता. जिथे बदली आणि एजन्सीची माणसं सारखी येत-जात होती तिथे तो जास्त होता. आम्ही स्वतः एजन्सी आहोत. हे वाक्य आमच्याच पत्रकात छापताना बरं वाटत नाही, पण ग्राहकाला ते ठाऊक असायला हवं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने मार्च २०२०च्या अखेरीस आदेश काढून अशा कर्मचाऱ्यांना एकाच ठिकाणी बांधून ठेवलं, आणि दुसरी नोकरी सुटल्याने त्यांचं नुकसान होऊ नये म्हणून वेतनही वर आणून सारखं केलं. नुसती बंदी घातली असती तर लोकांनी लपूनछपून दुसरं काम केलंच असतं.

तर वाढलेला दर इथे जातो : मावशी आजारी पडली तर तिचे पैसे कापले जात नाहीत. दुसरी ड्युटी गेल्याची भरपाई पूर्ण नाही, पण बऱ्यापैकी होते. फ्लूच्या लशीचा खर्च ब्युरो करतो. आणि बदलीसाठी काही माणसं राखीव ठेवली आहेत, ती सतत ठिकाणं बदलणार नाहीत. प्रत्येक राखीव माणसाला ठरावीक निवासच वाटून दिलेलं आहे.

ताप नाही म्हणजे आजार नाही, असं धरू नका

त्याच काउंटीतल्या दुसऱ्या एका नर्सिंग होममध्ये मार्च २०२०मध्ये ७६ रहिवाशांची सरसकट तपासणी झाली. ४८ जण बाधित निघाले, आणि त्यांतल्या २७ जणांना त्या वेळी काहीच होत नव्हतं. २४ जणांना लक्षणं पुढच्या काही दिवसांत दिसली. दारावर कपाळाला थर्मामीटर लावून फारसं काही हाती लागत नाही ते यामुळेच.

म्हाताऱ्या शरीराची तऱ्हा आणखी वेगळी. ऐंशीच्या आजींचं रोजचं तापमान ९७ च्या आसपास असेल तर ९९ हा त्यांच्यासाठी ताप आहे. नेहमीच्या तापमानापेक्षा दोन अंश फॅरनहाइट वाढ झाली तर डॉक्टरांना कळवायचं, हा नियम आम्ही पाळतो. त्यासाठी आधी नेहमीचं तापमान वहीत लिहिलेलं हवं, ते बहुतेक ठिकाणी नसतं. त्यातून गुडघेदुखीसाठी रोज पॅरासिटामॉल चालू असेल तर ताप दिसणारच नाही.

मग दिसतं काय? काल दोन पोळ्या खाणारे आजोबा आज अर्धी टाकून उठतात. नेहमी बडबड करणाऱ्या आजी दिवसभर पेंगतात. कुणी अचानक आपल्या मुलाला ओळखेनासं होतं, कुणी बाथरूमकडे जाताना पडतं. ‘वयच झालंय’ म्हणून हे सोडून दिलं जातं. आमच्या माणसांना आम्ही सांगून ठेवलं आहे की असं काही दिसलं तर लगेच नर्सला सांगायचं. तुमच्या नर्सने तेव्हा ‘तुला काय कळतं’ असं म्हणू नये, एवढी आमची विनंती आहे. पाठीवरून हात फिरवून स्पंजिंग करणाऱ्या बाईला त्या शरीरातला बदल सगळ्यांच्या आधी कळतो.

तीन दिवसांच्या आत दोघांना सारखाच त्रास सुरू झाला, तर साथ आली असंच धरून चाला आणि तपासणी करून घ्या. फ्लू असेल तर ऑसेल्टामिविर हे विषाणूविरोधी औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलेलं सर्वांत उपयोगी पडतं. साथ सुरू झालेली असेल तर अजून बरे असलेल्या रहिवाशांनाही ते प्रतिबंधक म्हणून देतात. निर्णय डॉक्टरांचा, पण डॉक्टरांना वेळेत बोलावणं आपल्या हातात आहे. सोमवारची वाट बघू नका.

उलट्या-जुलाबाची साथ

खोकल्याला लोक घाबरतात, उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसला कुणी ओळखतच नाही. ‘रात्रीच्या भाजीने झालं असेल’ असं म्हणतात. विषाणू शरीरात गेल्यापासून १२ ते ४८ तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. तरण्या माणसाचे दोन दिवस वाईट जातात, पण नव्वदीच्या माणसाच्या अंगातलं पाणी इतकं कमी होतं की सलाइनची वेळ येते. फार थोडे विषाणू पोटात गेले तरी पुरतात, आणि बरं वाटल्यानंतरही विष्ठेतून ते बरेच दिवस बाहेर पडत राहतात.

यावर हँड सॅनिटायझर फारसा चालत नाही. हात साबण आणि पाण्यानेच धुवायचे. फिनेलच्या वासाने खोली स्वच्छ वाटते, पण या विषाणूसाठी फिनेलवर विसंबू नका. सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीच) लागतं. बाजारात मिळणारं द्रावण ५ टक्क्यांचं असेल तर त्यातलं २० मिली घेऊन पाण्याने एक लिटर करा (बाटलीवरची टक्केवारी वाचा, ती वेगवेगळी असते). आधी मास्क आणि हातमोजे घालून उलटी कागदाने टिपून घ्यायची, मग आजूबाजूची बरीच मोठी जागा या द्रावणाने पुसून पाच-दहा मिनिटं ओली राहू द्यायची. उलटीचे तुषार दिसतात त्यापेक्षा लांब उडतात. द्रावण रोज ताजं करा. संडास धुवायच्या अ‍ॅसिडमध्ये किंवा टॉयलेट क्लीनरमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. चादरी झटकू नका, गुंडाळून थेट धुवायला न्या.

पोट बिघडलेली आमची मावशी त्रास थांबल्यावर पूर्ण ४८ तास कामावर येणार नाही. स्वयंपाकघरातल्या तुमच्या माणसांनाही हाच नियम लावा.

हातमोजे, मास्क, खिडक्या

हातमोज्यांनी खोटा धीर येतो. एकच जोडी घालून तीन आजींचे डायपर बदलले तर उघड्या हातांपेक्षा वाईट, कारण उघडे हात निदान धुवावेसे तरी वाटतात. एका व्यक्तीला एक जोडी, आणि जोडी काढल्यावर पुन्हा हात धुणं. हातमोजे आम्ही पुरवतो, पण खोलीजवळ बेसिन आणि साबण ठेवणं तुमच्याकडे आहे.

श्वसनाची साथ असताना मास्क मावशीने घालायचा. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांच्या तोंडाला मास्क बांधण्यासाठी झटापट करू नका. खिडक्या उघड्या ठेवा. डासांसाठी जाळी बसवा, काच लावून घेऊ नका. आणि धुरळणीवर, फवाऱ्यांवर पैसे घालवू नका. माणसांवर जंतुनाशक फवारू नये असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं.

आजारी पडलेल्यांना एका खोलीत किंवा एका बाजूला ठेवा आणि त्यांच्यासाठी एकच मावशी नेमा. तिच्याकडे त्या दिवसांत इतरांचं काम देऊ नका. मनुष्यबळ कमी पडलं तर आम्हाला त्याच दिवशी फोन करा. साथ लपवून आमची नवी माणसं बोलावणं हे मात्र आम्ही खपवून घेणार नाही. पुढे कुणी कुठे जायचं हे त्यावर ठरतं.

नातेवाईकांसाठी थोडं

आपल्याकडे फ्लूचा मोठा हंगाम पावसाळ्यात असतो, दुसरा थंडीत. पंधरा ऑगस्टला शाळेची मुलं, मग गणपती, मग पितृपक्षातलं अन्नदान : भेटींची गर्दी नेमकी त्याच काळात. येऊ नका असं आम्ही म्हणणार नाही. करोनाच्या काळात महिनोन्‌महिने कुणी भेटलं नाही म्हणून खचलेले आजी-आजोबा आमच्या माणसांनी पाहिले आहेत. फक्त घरात कुणाला सर्दी-ताप-जुलाब असेल तर भेट पुढे ढकला आणि व्हिडिओ कॉल करा. वाढदिवसाचं जेवण द्यायचं असेल तर द्या, घास भरवण्याचे फोटो सोडून द्या.

लस पावसाळ्याआधी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. फ्लूची दरवर्षी घ्यावी लागते. न्यूमोकोकलची (न्यूमोनियाच्या जिवाणूविरुद्धची) लस वेगळी, तिचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारा. लस घेतली म्हणजे साथ येणारच नाही, असं मात्र नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या एका वृद्धाश्रमात साठहून अधिक जण करोनाबाधित निघाले, आणि त्यांतल्या बहुतेकांचे दोन्ही डोस झालेले होते. लशीमुळे आजार गंभीर होण्याची शक्यता कमी होते, आणि या वयात तेही पुष्कळ आहे.

आमची मावशी आजारी दिसली तर

तिला परत पाठवा आणि आम्हाला कळवा. बदली माणूस शक्य तितक्या लवकर येईल. पण त्या सकाळी दोन-तीन तास तुम्हाला निभावून न्यावं लागेल, हे आत्ताच सांगून ठेवतो. ‘आजच्या दिवस राहू दे, उद्या जाऊ दे’ असं तिला म्हणू नका. ती तुमच्या शब्दाखातर थांबेल. तिचे त्या दिवसाचे पैसे तुमच्या बिलात लागणार नाहीत आणि तिच्या पगारातूनही कापले जाणार नाहीत, हे तिला आमच्याकडून लेखी दिलेलं आहे. तरी तुमच्या तोंडून एकदा सांगितलंत तर ती लवकर घरी जाईल.