कोपरातला सुंभ

भात कापून मळे मोकळे झाले की आमच्या मालवण भागात टेनिस चेंडूच्या क्रिकेटला ऊत येतो. अशाच एका रात्रीच्या सामन्यात सीमेवरच्या पोराने सणसणीत थ्रो फेकला. फलंदाज धावबाद झाला, आणि इकडे हा कोपर धरून खाली बसला. ‘माझो हात गेलो!’ आत ‘टक्’ असं वाजल्याचं तो सांगत होता. कोणीतरी तेलाची बाटली घेऊन धावलं, ती आधी परत पाठवली. दुखावलेलं कोपर जोराने चोळलं तर स्नायूत चक्क हाड धरू लागतं आणि हात आखडून बसतो. हे आपल्याकडे अजून घरोघरी सांगावं लागतं.

त्याच्या मते घात त्या एका थ्रोने केला. तसं नसतं. कोपराच्या आतल्या अंगाला, दंडाच्या हाडापासून करंगळीकडच्या हाडापर्यंत, एक आखूड पट्टा असतो: अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट. होडी बांधलेला सुंभ आठवा. तो एका लाटेने तुटत नाही. रोजच्या हिसक्यांनी त्याचा एकेक धागा विरतो आणि एखाद्या दिवशी साध्याच लाटेला उरलेले धागे हात टेकतात.

हिसका केवढा? बेसबॉलच्या पिचरवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूवर, मोजमापं झाली आहेत. चेंडू सुटताना त्याचा खांदा सेकंदाला सुमारे 7000 अंशांच्या वेगाने फिरतो. तोच वेग टिकला तर सेकंदात 19 गिरक्या होतील. त्याच्या किंचित आधी, हात पूर्ण मागे वळलेला असताना, कोपर आतून उघडू पाहतं आणि त्यावर सुमारे 64 न्यूटन-मीटरचा पीळ येतो. मीटरभर दांडा आडवा धरून टोकाला साडेसहा किलोचं ओझं टांगावं, तेवढा. मृतदेहांवरच्या चाचण्यांत हा अस्थिबंध निम्म्या पिळालाच तुटला आहे. बाकीचा भार आजूबाजूचे स्नायू उचलतात. ते थकले की सगळं ओझं पट्ट्यावर. टेनिस चेंडू हलका म्हणून निर्धास्त राहू नये, कारण कोपराला चेंडूपेक्षा आपल्याच हाताचं वजन जास्त झोंबतं.

क्रिकेटमध्ये गोलंदाजाचा हात जवळजवळ सरळ असतो, त्यामुळे हे दुखणं त्याच्यापेक्षा फेकणाऱ्या क्षेत्ररक्षकाला. भालाफेकपटूंनाही होतं. (नीरज चोप्राची 2019 सालची कोपराची शस्त्रक्रिया मात्र वेगळी, तेव्हा सांध्यातले हाडाचे तुकडे काढले होते.)

1974 पर्यंत हा पट्टा तुटला की पिचरची कारकीर्द संपली, असंच धरत. त्या वर्षी लॉस एंजेलिस डॉजर्स या अमेरिकी बेसबॉल संघाचा पिचर टॉमी जॉन याचा डावा हात गेला. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याला शंभरात एक संधी सांगितली आणि 25 सप्टेंबरला त्याच्या धडधाकट उजव्या मनगटातली एक दोरी, म्हणजे स्नायूचा टेंडन, काढून डाव्या कोपरात बसवली. दोन्ही हाडांना बोगदे पाडायचे आणि त्यांतून ती दोरी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी ओवायची. ओवली की झालं, असं नाही. नवी दोरी आधी निर्जीव असते. हळूहळू तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात, तंतू नव्याने रचले जातात आणि टेंडनचा अस्थिबंध होतो. त्यात वर्ष जातं, कधी जास्तही. शेजारून जाणारी नस दुखावल्यामुळे जॉनची बोटं वाकली आणि पुन्हा टेबलावर जावं लागलं. 1975 चा हंगाम बुडाला. पण 1976 मध्ये तो परतला आणि 1989 पर्यंत खेळला. त्याच्या 288 विजयांपैकी 164 शस्त्रक्रियेनंतरचे आहेत.

हल्ली, पट्टा मधेच न विरता हाडापाशी सुटला असेल, तर तोच परत शिवून वर मजबूत फीत बसवतात. खेळाडू सहा महिन्यांच्या आसपास मैदानात येऊ शकतो. पण विरलेला सुंभ शिवून काय उपयोग? तिथे नवीनच लागतो.

आमच्या पोराच्या एमआरआयमध्ये अर्धवट फाटलेला पट्टा दिसला. विश्रांती आणि फिजिओथेरपी, एवढंच. विहिरीतून कळशी ओढायला किंवा वल्हं मारायला हा अस्थिबंध फारसा लागतच नाही. शस्त्रक्रिया जोराने फेकण्यावर ज्याचं पोट आहे त्याच्यासाठी. ती करून फेक आधीपेक्षा वेगवान होते ही समजूत तर निव्वळ भाबडी. आमचा पोरगा आता गुणलेखकाच्या टेबलावर बसतो.

त्याच टेबलाभोवती परवा मनगटातल्या दोरीचा विषय निघाला. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट थोडं आत वाकवलं की मधोमध तार उभी राहते. ती नसली तरी पकडीत फरक पडत नाही. कित्येकांना जन्मतःच नसते. फ्लडलाइटखाली सगळे मनगटं वाकवून बघू लागले. एकाला काहीच दिसेना.

‘मगे माझा काय?’

‘तुझ्या मांडीतली काढतत.’

त्याने एकदा मांडीकडे पाहिलं, एकदा खेळपट्टीकडे. ‘रनर देतले मा?’