जेट बोटीला फिशफाइंडर बसवताय? भोक पाडायच्या आधी एवढं वाचा

बोट उभी असली की पाण्याचा तळ मस्त दिसतो, जरा वेग घेतला की खोलीचा आकडा गायब, स्क्रीनवर नुसता कचरा, मशीन बदलून द्या. जेट बोटवाल्यांचे निम्मे फोन हेच असतात. बदलून द्यायला आमची ना नाही, पण तेच मशीन आम्ही आमच्या बोटीला लावून बघतो तेव्हा बहुतेक वेळा ठणठणीत चालतं. चुकलेली असते ती ट्रान्सड्यूसरची, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणाऱ्या भागाची, जागा.

सोनारचा आवाज पाण्यातून सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, पण मध्ये हवा आली की तिथूनच परत फिरतो. म्हणजे ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर बुडबुडे असले तर खाली मासे असोत नसोत, त्याला काही दिसणार नाही. आता बॉक्समधल्या कागदावर लिहिलेलं असतं की उजव्या बाजूला बसवा, ते बहुतेक मागे पाण्यात पंखा (प्रोपेलर) असलेल्या बोटींसाठी असतं, कारण तो पंखा सहसा मागून बघताना घड्याळासारखा फिरतो आणि उजवीकडची पाती खाली जातात, म्हणून तिकडचं पाणी जरा स्वच्छ मिळतं. तुमच्या बोटीला बाहेर पंखाच नाही, त्यामुळे तो नियम सोडा.

जेटमध्ये बघायचं ते इनटेककडे, म्हणजे जेट तळातून पाणी आत ओढतं त्या तोंडाकडे. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे इनटेकच्या पुढे, त्याच्याच रेषेत ट्रान्सड्यूसर बसवणं. मधोमध तळ छान सपाट दिसतो, केबलही सरळ नेता येते, म्हणून लोक तिथेच भोक पाडतात. मग बोट पळायला लागली की ट्रान्सड्यूसरच्या मागे खळबळलेलं, हवा मिसळलेलं पाणी थेट इम्पेलरमध्ये, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या आतल्या पंख्यात, जातं, इंजिनचे आरपीएम चढतात आणि बोट मात्र ओढ घेत नाही. सोनार राहू द्या, चालती बोट बिघडवून ठेवली. वर तळाला पडलेलं ते भोक, फायबर असेल तर भरून घ्यायचं आणि अ‍ॅल्युमिनियम असेल तर वेल्डिंग करायचं, त्यात आमचा आणि तुमचा दोघांचाही वेळ जातो.

दुसरं टोक म्हणजे नोझलला, म्हणजे पाणी मागे फेकणाऱ्या तोंडाला, अगदी चिकटून बसवणं. तिथे फेस असतो, आणि रिव्हर्सचं बकेट (पाण्याचा झोत उलटा वळवणारं झाकण) खाली आलं की सगळं पाणी पुढे, बोटीच्या खाली ढकललं जातं. रिव्हर्स घेताना थोडा वेळ स्क्रीन जाणं हे कुठेही बसवलं तरी होतंच, त्यासाठी फोन करू नका. पण पुढे पळताना जात असेल तर जागा बदलावी लागेल.

मग बसवायचं कुठे? ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या बाजूवर, जेट आणि बाजूची कड यांच्या मधे, जिथे पुढून येणाऱ्या पाण्याच्या वाटेत रिब, स्ट्रेक (तळावरचा लांब उंचवटा), रिव्हेट किंवा वेल्डिंगची रेषा येत नाही. अगदी कडेलाही नको, वळण घेताना ती बाजू पाण्याबाहेर येते. तोंड तळाच्या किती खाली ठेवायचं हे मॉडेलवर आहे, पण साधारण फायबरला ३ मिमी आणि अ‍ॅल्युमिनियमला १० मिमी. जास्त खाली सोडलं तर मागे पाण्याचा फवारा उडतो, आणि दगडाला पहिलं तेच लागतं. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टननी १९५० च्या दशकात उथळ नद्यांसाठी जेट बोट केली ती खाली काही लोंबकळू नये म्हणूनच, आणि आपण मुद्दाम एक लोंबकळतं लावतोय! म्हणून ठोकर लागली की वर उचललं जाणारं ब्रॅकेट घ्याच, कोणी साधं ब्रॅकेट मागितलं तरी आम्ही एकदा विचारतोच.

'बोटीच्या आतूनच चिकटवलं तर?' हेही बरेच जण विचारतात. सलग फायबर असेल आणि ट्रान्सड्यूसर त्यासाठीचा असेल तर चालतं, सोनारची थोडी ताकद कमी होते. मधे फोम किंवा लाकूड असेल तर नाही, अ‍ॅल्युमिनियममधून नाही, आणि साइड इमेजिंग (बोटीच्या दोन्ही बाजूंचं दाखवणारं सोनार) तर आतून होतच नाही. चिकटवताना सिलिकॉन वापरू नका, इपॉक्सी घ्या आणि त्यात बुडबुडा राहू देऊ नका.

आता आमच्यावरची तक्रार: चार स्क्रूंचं काम, तुम्ही अर्धा दिवस काय करता आणि पाण्यावर जायचे वेगळे पैसे कशाला? कारण आम्ही आधी ट्रान्सड्यूसर तात्पुरता क्लॅम्प करतो, सगळ्या वेगांना पळवून बघतो, लागलं तर चार बोटं इकडेतिकडे सरकवतो, आणि स्क्रीन टिकली की मगच भोक. तेही ट्रान्समवर एकदा प्लास्टिकची प्लेट बसवून, म्हणजे पुढे मॉडेल बदललं तर स्क्रू प्लेटमध्ये, बोटीत नाही. लावताना मरीन सीलंट भरपूर. स्वतः बसवणार असाल तर निदान क्लॅम्प करून बघायचं सोडू नका, प्लेट आणि ब्रॅकेट आमच्याकडे सुटेही मिळतात.

केबल लांब आहे म्हणून कापू नका, गुंडाळून ठेवा, कापलेल्या केबलवर आम्ही वॉरंटी धरत नाही. इग्निशन आणि पंपाच्या वायरपासून लांब न्या, वीज फ्यूज लावून सरळ बॅटरीवरून घ्या, नाहीतर स्क्रीनवर रेघा येतात.

येण्याआधी फोटो पाठवा. बोट ट्रेलरवर असताना एक मागून आणि एक खालून, इनटेकची जाळी आणि तिच्या दोन्ही बाजूंचा तळ कडेपर्यंत दिसेल असा. बोटीवर बसलेल्या मंडळींचा फोटो छान असतो, पण त्यावरून जागा सांगता येत नाही.