उपनगराचा नकाशा स्टेशनापासून सुरू होतो

रोज सकाळी गाडी पकडून शहरात जायचं आणि संध्याकाळी परतायचं, यासाठी इंग्रजीत ‘कम्यूट’ हा शब्द रुळला तो तिकिटावरून. १९व्या शतकात अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या नेहमीच्या प्रवाशांना सवलतीचं ‘कम्युटेशन तिकीट’ देत. थोडक्यात, पास. पासवाला तो कम्युटर.

रेल्वेमुळे घर आणि काम यांच्यात मैलोन्‌मैल अंतर पडू शकलं. पण गाडीतून उतरल्यावर बहुतेकांना घर पायीच गाठावं लागे. म्हणून सुरुवातीची उपनगरं स्टेशनाला बिलगून वाढली: भोवती वस्ती, मग शेतं, मग पुढचं स्टेशन.

शिकागोच्या पश्चिमेचं रिव्हरसाइड मला यात सर्वांत मोलाचं वाटतं. रेल्वेलगत, डेस प्लेन्स नदीकाठच्या सुमारे १,६०० एकर जमिनीचा आराखडा १८६९च्या सुमारास फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांनी केला. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्कही याच जोडीचं. शिकागोचे रस्ते काटकोनात आखलेले, इथले मात्र मुद्दाम वळणाचे, कारण घरी परतणाऱ्याला घाई नसावी. घर रस्त्यापासून ३० फूट मागे आणि पुढच्या मोकळ्या जागेत एक-दोन झाडं, इतका बारीक विचार त्यात होता. १८७१ची शिकागोची आग आणि १८७३ची मंदी यांत ही वसाहत उभारणारी कंपनी बुडाली, पण वळणं टिकली.

पुढे रेल्वे कंपन्याच जमिनीच्या धंद्यात उतरल्या. जपानमध्ये रेल्वे उद्योजक कोबायाशी इचिझो यांनी १९१०मध्ये ओसाकाजवळ इकेदा इथे रुळांलगतची घरं हप्त्यांवर विकली. घर घेणारा प्रत्येक जण रोजचा प्रवासी होणार, हे गणित पक्कं होतं.

मोटारीने स्टेशनाचं बंधन सोडवलं आणि वस्ती चहूकडे पसरली. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये १९४७पासून चार-पाच वर्षांत १७ हजारांहून अधिक घरं उभी राहिली. सुरुवातीच्या करारांत कृष्णवर्णीयांना मज्जाव करणारं कलम होतं. उपनगरांच्या इतिहासातली ही लाजिरवाणी बाजू झाकून चालणार नाही.

मोटारीपासून पायी चालणाऱ्याला वाचवायचा विचार मात्र त्याआधीच झाला होता. न्यू जर्सीतल्या रॅडबर्नमध्ये १९२९मध्ये क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी घरांची तोंडं बागेकडे केली आणि मोटारी मागच्या बंद गल्ल्यांत ठेवल्या. पायवाटा वेगळ्या, मोठ्या रस्त्याखालून भुयारी वाट. मुलाने रस्ता न ओलांडता शाळा गाठावी, ही कल्पना. महामंदीने काम अर्ध्यावर थांबवलं. जेवढं बांधून झालं, तेवढ्या घरांलगत त्या पायवाटा अजून आहेत.