मोटारगाडीची बॅटरी : बदलण्याची वेळ

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचेच सुधारित रूप आजही बहुतेक मोटारगाड्यांचे इंजिन सुरू करते. तिचे आयुष्य साधारणतः तीन ते पाच वर्षे धरले जाते. कोकण किनारपट्टीवर मात्र ती बदलण्याची वेळ ओळखणे काहीसे अवघड जाते. उष्णतेमुळे बॅटरीची अंतर्गत झीज वाढते, पण ही झीज उघडी पडते ती थंडीत, कारण तेव्हा बॅटरीची शक्ती घटते आणि ऑइल घट्ट झाल्याने सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरला, अधिक जोर लागतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर तशी कडक थंडी पडत नाही. त्यामुळे झीज बारमाही चालू राहते आणि बॅटरी अनेकदा फारशी पूर्वसूचना न देता बसते.

दुसरीकडे, गाडी सेल्फ घेत नाही म्हणून चांगली बॅटरी मोडीत जाण्याचे प्रकारही इथे घडतात. खाऱ्या, दमट हवेत टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड लवकर साचते, वीजप्रवाह अडतो आणि चावी फिरवल्यावर नुसता ‘टक्-टक्’ आवाज येतो. आधी ऋण टर्मिनल सोडवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने दोन्ही टर्मिनले धुवावीत, कोरडी करून घट्ट आवळावीत व त्यांवर पेट्रोलियम जेली लावावी. एवढ्याने गाडी सुरू झाल्यास दोष बॅटरीचा नव्हता, हे उघड आहे. चाकरमान्यांनी गणपतीनंतर शिमग्यापर्यंत गावी उभी ठेवलेली गाडी घड्याळ, अलार्म यांसारख्या किरकोळ खर्चानेही डिस्चार्ज होते. अशी बॅटरी चार्ज करून वापरता येते. परंतु ती फार दिवस रिकामी राहिली, तर प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि गेलेली क्षमता सहसा परत येत नाही.

म्हणून बॅटरी पूर्ण चार्ज करून, काही तास तशीच ठेवून मगच तपासावी. मल्टिमीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. हा आकडा चांगला दिसूनही बॅटरी भार पेलू शकेलच असे नसते. सेल्फ मारताना विद्युतदाब ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल, तर तिचे दिवस भरले असे समजावे. पाणी घालण्याच्या बॅटरीत आम्लाचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतील घनता) मोजणारा हायड्रोमीटर अधिक नेमके सांगतो: सहांपैकी एखाद्या सेलचे विशिष्ट गुरुत्व इतरांपेक्षा ०.०५ ने कमी भरले, तर उरलेले पाच सेल उत्तम असूनही उपयोग नाही. फुगलेल्या किंवा गळणाऱ्या बॅटरीची चाचणी करत बसू नये, ती बदलावीच.

इंजिन चालू असताना दाब साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट नसेल, तर आधी अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालून बॅटरी चार्ज करणारे जनित्र, पाहावा. नाहीतर नवी बॅटरीही थोड्याच दिवसांत उतरेल. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नये, कारण शिसे विषारी आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती वेगळी ठेवून संकलन वा पुनर्वापर करणाऱ्यांकडे द्यावी लागते, आणि विक्रेते बहुधा तिचे मोल नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा करतात.